एक काना

तिने वहीतल्या त्या आकृतीवर बोट ठेवले आणि ते तिथून उचललेच नाही. टेबलापाशी उभ्या असलेल्या मंत्र्यांच्या सहायकाला वाटले, ताईंना स्वतःचेच अक्षर लागत नाही.

"शास्त्र," तो समजुतीने म्हणाला. "'शास्त्राला पैसा लागतोच, बाई.' साहेब हेच म्हणाले."

"तुम्ही आत होता?"

"आम्ही कुठले आत? आमचा जन्म दाराबाहेर उभं राहण्यात गेला, ताई."

तो हसला. ती हसली नाही.

सभागृहात बोलला जाणारा शब्द न् शब्द लघुलिपीत टिपायचा, हे तिचे सव्वीस वर्षांचे काम. वेगात व्यंजनांच्या रेघा तेवढ्या ओढायच्या आणि स्वर मागाहून आठवून भरायचे. शस्त्र आणि शास्त्र, दोन्हींची आकृती एकच.

सकाळी अवकाश कार्यक्रमाच्या निधीवर चर्चा होती. विरोधी बाकावरच्या बाईंनी (पूर्वी शाळेत शिकवत, म्हणून सगळ्यांच्याच त्या बाई) विचारले होते, की ढगांची छायाचित्रे काढणाऱ्या उपग्रहाचा खर्च संरक्षण खात्यातून कशाला? मंत्री बसल्या जागेवरूनच वैतागून काहीतरी बोलले. ध्वनिवर्धक बंद होता. "शस्त्र म्हणालात तुम्ही," बाई ताडकन उठल्या. मग जो गदारोळ झाला त्यात कोणाचे कोणाला कळेना. शेवटी अध्यक्षांनी निकाल दिला: नोंदीत जे असेल ते खरे.

तिच्या कानांनी शस्त्र ऐकले होते. स्वच्छ.

रोज सकाळी देवापुढे हात जोडून ती एकच मागणे मागे, जे कानावर पडेल तेच हातून उतरू दे. आजही मागितले होते. पण त्या उपग्रहाचा कॅमेरा तिच्या लेकीने सहा वर्षे खपून केला होता. "आई, आता नुसता निधी अडकायला नको गं," ती काल फोनवर म्हणाली होती.

तिने बोट उचलले आणि टंकताना 'श'ला काना दिला. सहायक खाली वाकून नमस्कार केल्यासारखे करून निघून गेला.

दुसऱ्या दिवशी निधी मंजूर झाला. त्याआधी बाई उभ्या राहिल्या.

"मी शस्त्र ऐकलं. नोंदीत शास्त्र आहे. नोंद मी मानते. माझ्या ऐकण्यात चूक झाली, मंत्रिमहोदयांची मी क्षमा मागते."

मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणाले, "बाई, आता पहिल्या बाकावर बसा." हशा पिकला. क्षमा, ऐकण्यात चूक, हशा, सगळे तिने टिपून घेतले. हात थांबला नाही, याचेच तिला नवल वाटले.

दुपारी बाई तिच्या खोलीत आल्या. ती धडपडत उठली. आता जाब विचारतील, असे तिला वाटले; एका परीने बरेही वाटले.

"तुमचं सगळं कानांवरच चालतं," बाई म्हणाल्या. "कानाचा एखादा चांगला डॉक्टर माहीत असेलच तुम्हाला. चाळीस वर्षं पोरांना म्हटलं, कान कुठे आहेत तुझे. आता माझ्यावर पाळी आली."

तिने चिठ्ठीवर पत्ता लिहून दिला. बाईंनी चष्मा लावून तो नीट वाचला.

"संरक्षण समितीचा राजीनामा देतेय उद्या. ऐकू न येणाऱ्या माणसानं तिथे बसून जागा का अडवावी?"

"बाई," ती खाली मान घालून म्हणाली. तिचा आवाज मुळातच हळू. शेजारच्या टेबलालाही कधी पोचत नसे. "ते शस्त्रच म्हणाले होते."

बाईंनी हातातल्या चिठ्ठीची घडी घातली.

"आणखी एकदा सांगा," मग त्या म्हणाल्या.

"काना मी दिला. माझ्या मुलीसाठी."

"ऐकू आलं." बाईंनी चिठ्ठीची घडी उलगडली, ती टेबलावर सपाट केली आणि तिच्याकडे सरकवली. "शुद्धिपत्र निघतं ना तुमच्याकडे?"

"निघतं. आज पाच वाजेपर्यंत द्यावं लागतं."

"मग मी बसते इथे," म्हणत बाईंनी खुर्ची ओढली. त्या रागावल्या नव्हत्या, आणि तेच तिला सोसवेना.

तिने खणातून छापील अर्ज काढला. तारीख, पृष्ठ, ओळ भरली. 'शास्त्र'च्या जागी 'शस्त्र' असे वाचावे, एवढे लिहिले. खाली चुकीचे कारण विचारले होते आणि दोनच पर्याय छापले होते, लागू नसेल तो खोडावा: ऐकण्यात चूक, टंकलेखनात चूक.

तिने पहिला खोडला. थोड्या वेळाने दुसराही.