विरोधात कोण?

"विरोधात कोण?" सभापती गिटन्स यांनी विचारलं आणि नियमाप्रमाणे सात सेकंद थांबले.

विरोधात असणार कोण? बेटाच्या संसदेतल्या तीसच्या तीस जागा सत्ताधाऱ्यांकडे. शंभरातल्या सव्वीस जणांनी विरोधी पक्षाला मत दिलं होतं, पण त्यांचा उमेदवार एकाही मतदारसंघात पहिला आला नाही. विरोधी बाकं ओस. सभागृहातला एकमेव चालू एसी नेमका त्यांच्याच डोक्यावर. पण फुटल्याचा संशय नको म्हणून तीसही जण समोर घाम पुसत, दाटीवाटीनं बसायचे.

आजचा ठराव होता 'जितकी मतं तितक्या जागा' ही लोकांची मागणी फेटाळायचा. तीस गळ्यांचा "हो" घुमूनही झाला होता.

आणि रिकाम्या बाकांवरून आवाज आला, "नाही."

एकाचा नव्हे. अख्खा मासळीबाजार एकदम बोलावा तसा. काचा थरथरल्या. एका मंत्र्याच्या हातातलं माशाचं भजं खाली पडलं.

आवाजी मतदानात ज्यांचा आवाज मोठा, त्यांचा निकाल. सभापतींनी छताकडे बघत जाहीर केलं, "'हो'वाल्यांची सरशी!"

वर्लीन स्कीट एकतीस वर्षं तिथली लघुलेखिका. कानावर पडेल ते कागदावर. तिनं लिहिलं: 'विरोधी बाकं: नाही. आवाज जास्त मोठा.'

सभा उठताच सभापतींचं बोलावणं आलं.

"वर्लीनबाई, हे खोडा."

"ऐकलं ते लिहिलं, साहेब."

"अहो, वारा असेल!"

"वारा 'नाही' म्हणतो?"

"मग कोण बोललं? नाव सांगा!"

"माझं तरी नक्की लिहा."

"तुमचं? तुम्ही तर खाली मान घालून लिहीत होतात!"

"तेच तर नवल, साहेब. तोंड माझं बंद होतं. पण त्या गलक्यात माझा आवाज मी ओळखला."

सभापतींनी टाय सैल केला. "निवृत्तीला नऊ दिवस राहिलेत. निरोपसमारंभ ठरलाय, केकसुद्धा सांगितलाय. खोडा, नाहीतर आजच घरी जा."

वर्लीननं पेन्सिल त्यांच्यापुढे ठेवली. "तुम्हीच खोडा. खाडाखोड कुणाची ते तरी दिसू दे."

नवव्या दिवशी केक आला. सदस्यांनी खाल्ला.

पुढच्या अधिवेशनात विरोधी बाकं उचलून गोदामात टाकलेली. वर्लीनच्या जागी आवाज टिपणारं यंत्र. ती वर, लोकांच्या सज्जात.

"विरोधात कोण?" सभापतींनी विचारलं. त्यांच्या कानांत कापूस होता. समोरच्या साठही कानांत कापूस होता.

सात सेकंद झाले. यंत्राचा काटा हलला नाही.

सज्जात वर्लीनचं बोट तेवढं फ्रॉकवर, गुडघ्यापाशी, लघुलिपीत भराभरा चाललं होतं.