गाडी थांबवायची न्हाई

डोझरनं रानडुकराच्या नराचा कान धरला तो धरलाच. नरानं मान झटकली तसा तो बुलडॉग जमिनीवरून उचलला गेला आणि ओकच्या बुंध्यावर दाणकन आपटला, तरी त्याचा जबडा सुटला नाही. जोसी, टिक आणि फिडल ही तिन्ही शिकारी कुत्री भोवती नाचत होती, भुंकत होती, संधी मिळेल तिथं दात लावून मागं सरत होती. नदी आटली होती, तरी काठची काळी माती भर उन्हाळ्यातही तिथं ओलसर होती. त्या चिखलात रक्त, लाळ आणि डुकराचा उग्र वास एक झाला होता.

"वयनी, मागनं ये! मागनं!" हार्लन ओरडला. त्यानं नराचे मागचे दोन्ही पाय धरले होते आणि रुतलेला नांगर ओढावा तसा तो मागं रेलला होता.

विलडीन स्ट्राऊड गुडघ्यावर बसली. पन्नाशी उलटलेली बाई, पण हात सराईत. पुढच्या पायाच्या मागं, बरगड्यांच्या फटीत तिनं सुरा घातला आणि मुठीपर्यंत रेटला. नर किंचाळला. ती किंचाळी अख्ख्या रानात घुमली. जाताजाता त्यानं सुळा फिरवलाच. डोझरच्या अंगावर जाड कातड्याचं चिलखत होतं, ते उसवून खांद्याखाली वीतभर चीर पडली. मग नर आडवा झाला, पाय झाडले आणि थांबला.

"मेलं एकदाचं," हार्लन म्हणाला आणि तिथंच चिखलात बसला. "लुथर पूलचा निम्मा मका खाल्ला ह्यानं."

"बसू नगंस. कुत्र्यांकडं बघ आदी."

विलडीनचं लक्ष डुकराकडं नव्हतंच. पहाटे लुथर पूलच्या मक्यात कुत्री सोडली तेव्हा हवा गार होती. नर तासाभरात दमून कुत्र्यांपुढं उभा राहील असं वाटलं होतं. पण तो पळत सुटला, कुंपणाखालून क्लोव्हिस मीचमच्या रानात घुसला आणि ऊन डोक्यावर येईपर्यंत त्यानं सगळ्यांना पळवलं. आता कुत्र्यांच्या जिभा तळव्याएवढ्या रुंद होऊन बाहेर लोंबत होत्या. जोसी तर उभी राहताना मागच्या पायांनी डगमगत होती. जोसी या टोळीची म्हातारी. विलडीनचा नवरा बर्ल गेला त्या वर्षी ती पिलू होती.

"गाडी इकडंच आणाय पायजे," विलडीन म्हणाली. "ही काय लुथरच्या बांधापातूर चालत न्हाईत."

"इकडं म्हंजी मीचमच्या रस्त्यानं? त्यो गोळी घालंल."

"त्याला मी बघती. तू पळ."

हार्लन पळाला. पिकअप घेऊन तो मीचमच्या चाकोरीनं आत आला. गाडीच्या पाठीवर कुत्र्यांची पत्र्याची पेटी होती, तिला चार खण, प्रत्येक खणाला जाळी. विलडीननं डोझरच्या जखमेवर फडकं आवळलं. कॅनमधलं पाणी चौघांच्या पोटावर, मांड्यांत, पंजांवर ओतलं. गोठवून आणलेल्या बाटल्या केव्हाच वितळून कोमट झाल्या होत्या, तरी त्या तिनं खणांत ठेवल्या. पेटीच्या पत्र्याला हात लावला तर तव्यासारखा चटका बसला.

"ऐक," ती स्टिअरिंगवर बसताना म्हणाली. "आता वढ्यापातूर गाडी थांबवायची न्हाई. वारं लागतंय तवर ती जगत्यात. गाडी थांबली की ह्यो डबा न्हवं, भट्टी हाय."

"मला काय सांगतीस? बर्लदादानं मला चालायच्या आदी ह्येच शिकवलं."

गाडी निघाली. चाकोरीच्या धुळीचा लोट मागं उठला. जाळीतून वारा आत शिरला तशी टिकनं नाक बाहेर काढलं. मीचमच्या हद्दीचं फाटक दिसायला लागलं आणि विलडीनचा पाय आपसूक ब्रेकवर गेला.

फाटकात क्लोव्हिस मीचमची नवी पिकअप आडवी लावलेली होती. इंजिन चालू, काचा बंद. आत सीटवर पॉइंटर जातीची त्याची पांढरी कुत्री एकटीच गार हवेत आरामात बसली होती. क्लोव्हिस बाहेर उन्हात उभा होता, हातात रायफल घेऊन. दोन्ही बाजूंना काटेरी तारेचं कुंपण, मागं नदीचं रान. दुसरी वाट नव्हती.

"इंजिन बंद कर, विलडीन," क्लोव्हिस म्हणाला.

"क्लोव्हिस, गाडी बाजूला घे. कुत्री तापल्यात. मग काय बोलायचं त्ये बोल."

"शेरीफचा मानूस निगालाय. त्यो ईस्तवर हिथंच. गेल्या मार्चात माजी तीन वासरं फाडली कुत्र्यांनी. आतडी वडत नेली. मी सकाळी बगितली तवा एक जित्तं हुतं अजून, त्याला मी माज्या हातानं गोळी घातली. आन आज तुजी कुत्री माज्या रानात!"

"त्ये माजी कुत्री न्हवती. मार्चात माजी कुत्री घरी बांदल्याली हुती, बर्लच्या फोटोची शपथ."

"समदी असंच म्हंत्यात."

हार्लन दार उघडून उतरला. "आरं, डुक्कर तुज्याच रानात मारलं की! तुजीच पीडा कमी केली, मूर्खा!"

क्लोव्हिसनं रायफल त्याच्या छातीला लावली. "तोंड सांबाळ."

वारा थांबला होता. पेटीतून धापा ऐकू यायला लागल्या, आधी चौघांच्या मिळून, मग एकमेकांत न बसणाऱ्या. विलडीन खाली उतरली. तिनं उरलेलं पाणी जाळीतून आत ओतलं. पाणी पत्र्यावर पडलं आणि आतून वाफेचा दमट भपका तिच्या तोंडावर आला. वारं नसताना पाणीही काही करत नव्हतं. तिनं जोसीचा ओठ वर केला. हिरड्या विटेसारख्या लाल. जोसीनं पिवळा फेस ओकला.

"क्लोव्हिस," विलडीनचा आवाज खाली आला. "मी तुज्याम्होरं कदी हात पसरला न्हाई. आज पसरती. त्या झाडाच्या सावलीत काढू दे त्यांस्नी. दोरीनं बांदती. मंग मला शेरीफकडं दे, जेलात टाक."

"माज्या जमिनीवर एका बी कुत्र्याचा पाय पडला तर त्येला तितंच झोपवीन."

"पेटीत बी मरत्यात न्हवं! मंग गोळीच घाल की!"

"मला वासरू मारावं लागलं," क्लोव्हिस म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं की घाम, कळत नव्हतं. "आता तू बग, कसं वाटतंय त्ये."

त्या शब्दानं विलडीनच्या आत काहीतरी तुटलं. ती परत पेटीकडं गेली. तिच्या हातात रिकामा लोखंडी कॅन होता. हार्लननं तिच्याकडं पाहिलं. भावजयीनं कॅनची मूठ आवळली.

हार्लननं रायफलची नळी दोन्ही हातांनी धरून वर ढकलली. गोळी सुटली. आवाजानं पॉइंटर कुत्री आत भुंकायला लागली. हार्लनच्या दंडाची कातडी फाडून गोळी गेली. तो ओरडला, पण नळी सोडली नाही. दोघं धुळीत पडले. क्लोव्हिस अंगानं दणकट. त्यानं हार्लनच्या जखमी दंडावर गुडघा रोवला, रायफलचा दस्ता हिसडून मोकळा केला आणि हार्लनच्या जबड्यावर एक ठेवून दिला. दात मोडल्याचा आवाज विलडीनला ऐकू आला. दुसरा तडाखा उचलला तेव्हा ती त्याच्या मागं होती.

तिनं कॅन फिरवला. क्लोव्हिसनं तेवढ्यात मान वळवली आणि कॅनची कड त्याच्या नाकावर बसली. नाक एका बाजूला गेलं. रक्ताची धार मिशीतून हनुवटीवर आली. तो गुडघ्यावर बसला, रायफल हातातून पडली. विलडीननं आणखी एक मारला, खांद्यावर, मग आणखी एक. बर्ल गेल्यापासून साठलेलं सगळं त्या कॅनात उतरलं होतं.

"बास! बास, वयनी!" हार्लन रक्त थुंकत म्हणाला. "कुत्री!"

ती भानावर आली. पळत जाऊन तिनं क्लोव्हिसच्या पिकअपचं दार उघडलं. आतली गार हवा अंगावर आली. तिला त्या गारव्याचा इतका राग आला की दात आवळून तिनं गिअर टाकला आणि गाडी मागं रेटली. कुंपणाची तार ताणली, खांब कडाडला. गाडी चरात घसरली, एका अंगावर कलली आणि बंद पडली. विलडीन वर चढून बाहेर आली. दार तिनं उघडंच धरलं.

"नीघ बाई तू बी," ती पॉइंटरला म्हणाली. "बंद गाडीत मरशील."

पांढरी कुत्री उडी मारून बाहेर पडली.

विलडीन आपल्या गाडीत बसली. हार्लननं रायफल उचलली आणि तो गाडीच्या मागच्या फळीला लोंबकळला. गाडी फाटकातून सुटली तेव्हा क्लोव्हिस धुळीत बसूनच होता, तोंडाला दोन्ही हात लावून.

ओढ्याच्या उतारावर विलडीननं गाडी थांबवली नाही. सरळ पाण्यात घातली. पुढची चाकं बुडाली, इंजिननं धूर सोडला, तेव्हा कुठं तिनं ब्रेक दाबला. दोघांनी पेटीची दारं उघडली. टिक स्वतःहून पाण्यात पडला. फिडलला ओढावं लागलं, पण पाणी पोटाला लागताच त्यानं मान वर केली. डोझरला हार्लननं एका हातानं उचलून आणला. त्याच्या जखमेतून पाण्यात तांबडी रेघ निघाली, तरी तो पाणी चाटत होता.

जोसी हलत नव्हती.

विलडीन तिला कवेत घेऊन कंबरभर पाण्यात बसली. पोटावर पाणी मारलं, पंजे चोळले, टोपीनं वारा घातला. "ए जोसे. ए म्हातारे. बग की हिकडं." जोसीचा श्वास आधी भराभर होता, मग अडखळायला लागला, मग मध्ये मोठी फट पडायला लागली. डोळे उघडे होते, पण ते विलडीनला बघत नव्हते.

उताराच्या माथ्यावर क्लोव्हिस आला. पायी, शर्ट रक्तानं भिजलेला, तोंड उन्हानं आणि मारानं सुजलेलं. त्याची पांढरी कुत्री गाडीमागं पळत आधीच आली होती आणि टिकच्या शेजारी पाण्यात पसरली होती. हार्लननं रायफल उचलली. विलडीननं ती त्याच्या हातातून घेतली आणि ओढ्याच्या डोहात भिरकावली.

"माजी बंदूक!" क्लोव्हिस म्हणाला.

"बुडी मार आन काढ."

तो काठावर बसला. त्याची नजर जोसीवर होती. जोसीनं एकदा अंग ताणलं, मग तिची मान विलडीनच्या कोपरावरून खाली लोंबली.

"मेली का?" क्लोव्हिसनं विचारलं.

"व्हय."

"मी..." त्यानं सुरुवात केली. नाकातून रक्ताचा बुडबुडा आला. त्यानं ओंजळीनं तोंड धुतलं. "माजी वासरं खरंच फाडली हुती कुणीतरी."

"फाडली आसतील. आता जा, क्लोव्हिस. तुजी कुत्री घेऊन जा. मला तुजं त्वांड बगवत न्हाई."

तो पाण्यात उतरला, पांढऱ्या कुत्रीच्या पट्ट्यात बोट घातलं आणि चालता झाला.

गाडी ओढ्यातून काढायला लुथर पूलचा ट्रॅक्टर लागला. हार्लनच्या दंडातून रक्त थांबत नव्हतं, जबडा एवढा सुजला होता की शब्द नीट फुटत नव्हता. त्याला तालुक्याच्या गावच्या दवाखान्यात न्यावंच लागणार होतं. ऊन अजून तसंच होतं. तिन्ही जिवंत कुत्री भिजवून पेटीत घातली, खणांत लुथरच्या घरचा बर्फ भरला. जोसीला विलडीननं गोणपाटात गुंडाळून शेजारच्या सीटवर ठेवलं. हार्लन दाराखालच्या पायरीवर उभा राहिला, एका हातानं खिडकी धरून.

दवाखान्याच्या आवारात गाडी शिरली तसा विलडीननं वेग कमी केला, पण गाडी चालतीच ठेवली.

"उतर."

"थांब की जरा!"

"थांबायची न्हाई. टाकं घालून ये. मी फिरती हितंच."

हार्लन शिव्या देत उतरला, दोन पावलं धडपडला आणि आत गेला. विलडीन आवारात चकरा मारायला लागली. दवाखान्याभोवती, चर्चभोवती, पेट्रोल पंपाला वळसा, पुन्हा दवाखाना. बाकांवर बसलेली माणसं बघत होती. रक्तानं माखलेली बाई, चिखलाची गाडी, पेटीतून बाहेर आलेली तीन नाकं.

तिसऱ्या की चौथ्या चकरेला शेरीफचा माणूस, डेप्युटी टोबिन, हात वर करून समोर आला. "विलडीनकाकू! गाडी थांबवा!"

"न्हाई थांबणार!"

"मीचमनं तक्रार केलीया! मारामारी, गाडीची मोडतोड, बंदूक..."

"समदं खरं हाय! काय इचारायचं त्ये चालताचालता इचार!"

टोबिन गाडीबरोबर पळायला लागला. पोट सुटलेला माणूस, बूट जड. चर्चच्या कोपऱ्यापर्यंत त्याला धाप लागली.

"आवो काकू, कायद्यानं... थांबावं लागतंय!"

"पेटीला वारं लागाय पायजे. मला जेलात घालायचं आसंल तर ऊन उतरल्यावर घाल. कुत्री लुथरच्या हवाली करती आन तुज्यासंगं येती. न्हाई म्हणाली तर थुक माज्या तोंडावर."

टोबिननं पायरीवर उडी मारली आणि खिडकीला धरून लोंबकळला. आत वाकून बघितलं तर सीटवर गोणपाट. त्यातून एक तपकिरी कान बाहेर आलेला.

"जोसी का?"

विलडीननं मान हलवली. तोवर तिनं रडू धरून ठेवलं होतं. आता रस्ता तिला धूसर दिसायला लागला. तिनं रक्ताळलेल्या बाहीनं डोळे पुसले, गिअर बदलला आणि वेग थोडा वाढवला. टोबिननं एका हातानं टोपी काढली, छातीशी धरली आणि दुसऱ्या हातानं खिडकीची कड घट्ट पकडली.

"डाव्या अंगानं घ्या, काकू," तो म्हणाला. "तिकडं झाडं हायत. सावली लागंल त्यांस्नी."