बटाट्याला शिवलेला चाकू

ज्याचे पाते घासून घासून निम्मे उरले आहे आणि ज्याची मूठ तारेने बांधून ठेवावी लागते, असा मी एक जुना चाकू आहे, मित्रांनो. तुम्ही म्हणाल, चाकूला कसले आले आहे चरित्र? त्याने कापावे आणि गप्प बसावे. हा आक्षेप मला मुळीच मान्य नाही. जन्मभर जो कापत राहिला, त्यालाच काय कापावे आणि काय कापू नये याचा विचार सर्वांत अधिक करावा लागतो. निदान माझ्यावर तरी ती वेळ आली.

माझा जन्म रिसोडच्या बाजाराच्या कडेला, एका घिसाड्याच्या पालापुढे झाला. मोडक्या बैलगाडीच्या चाकाची लोखंडी धाव त्याने विस्तवात लालभडक केली. तो मला सांडशीत धरून फिरवी आणि त्याची बायको घण मारी. मग बाभळीची मूठ बसवून त्याने मला गोणपाटावर मांडून ठेवले. तेथे कंचनबाई आल्या. त्यांनी माझी धार नखावर पाहिली, मूठ हातात तोलली आणि भाव विचारण्याआधी भलतेच विचारले, “यानं कांदा-गिंदा त कापून पाह्यला नाई ना?”

घिसाडी म्हणाला, “बाई, यानं अजून वाराबी नाई कापला.”

कंचनबाई म्हणजे कापडाचे दुकानदार खेमचंद यांच्या पत्नी. घर जैनांचे. कांदा, लसूण, बटाटा, मुळा असे जमिनीच्या पोटात वाढणारे काही त्या घराच्या उंबऱ्याच्या आत येत नसे. एका कंदात असंख्य जीव वस्तीला असतात आणि तो कापला की ते सारे जातात, अशी त्यांची श्रद्धा. अष्टमी-चतुर्दशीला तेथे हिरवी भाजीही चिरली जात नसे. त्या दिवशी मी धुऊन-पुसून खुंटीवर विश्रांती घेई. सूर्य मावळला की माझेही काम मावळे.

कोणी म्हणेल, भेंडी कापलेली चालते आणि बटाटा चालत नाही, हा न्याय कोणता? हा वाद मी स्वतःशी पुष्कळदा घातला आहे. माझे मत असे बनले की, जगायचे तर काहीतरी कापावेच लागते. परंतु शक्य तितके कमी कापावे हे ज्याच्या मनात असते, त्याचा हात इतरांहून हलका चालतो. कंचनबाईंचा हात तसा होता. शेजारणी मला उसना मागत, तेव्हा त्या हसून म्हणत की, वाटल्यास माझी पाटल्यांची जोडी न्या, चाकू मात्र मागू नका. अशी स्तुती ऐकून कोणता चाकू फुगणार नाही? मी कधीही कंदाला शिवलो नाही, याचा मला फार मोठा अभिमान होता.

एकोणीसशे शहात्तर सालची दिवाळी नुकतीच सरली होती. कंचनबाईंची मुलगी तारा आठ वर्षांची होणार होती. त्या काळी आमच्या गावात वाढदिवस म्हणजे सकाळी औक्षण आणि ताटात काहीतरी गोड, एवढेच. परंतु गावात नव्याने आलेल्या एका साहेबांच्या मुलीच्या वाढदिवसाला वाशीमच्या छापखान्यातून रंगीत निमंत्रणे छापून आली होती, आणि त्यांतले एक तारेने पाहिले होते. तिने वडिलांकडे तोच हट्ट धरला. खेमचंदांनी साफ सांगितले की, आपल्या घरी लग्नाची पत्रिका छापतात, वाढदिवसाची नाही. हौसच असेल तर घरी बसून छाप.

ते थट्टेने बोलले. तारेने ते मनावर घेतले. तिने बेत ठरवला भाजीबाजाराचा. ओसरीवर बाजार मांडायचा, आणि येणाऱ्या प्रत्येक मुलाने कोणती ना कोणती भाजी बनून यायचे. कापडाच्या खोक्यांतले पांढरे पुठ्ठे तिने दुकानातून आणले. निळीत आणि कुंकवात बाभळीचा डिंक कालवून दोन रंग केले. मात्र छापायचे कसे, हे तिला ठाऊक नव्हते. ते ठाऊक होते पंचफुलेला.

पंचफुला ही तिच्याच वर्गातली. तिची आई गिरजाबाई गावाबाहेरच्या मळ्यात भाजीपाला पिकवी आणि रोज सकाळी टोपली घेऊन कंचनबाईंच्या ओट्यावर टेके. भेंडी आडवी कापून रंगात बुडवली की पाच पाकळ्यांचे फूल उमटते, दोडका कापला की दातेरी चाक उमटते, हे पंचफुलेने करून दाखवले. कापण्यासाठी तारेने खुंटीवरून मला काढून दिले. कार्डाच्या कडेने फुले आणि चाके झकास उमटली. पण मधोमध भाज्यांची टोपली हवी होती, आणि टोपली काही भेंडीत कोरता येईना. दुसऱ्या दिवशी पंचफुला परकराच्या ओच्यात एक बटाटा घेऊन आली.

तारा क्षणभर थबकली. नाही असे नाही. मग तिने स्वतःची समजूत घातली की, आपल्यात बटाटा खायचा नसतो, आणि हा तर खायचा नाही, छापायचा आहे. मागच्या अंगणात हौदाच्या आडोशाला पंचफुलेने माझ्याकडून त्या बटाट्याचे दोन भाग केले, आणि एका भागावर माझ्या टोकाने इतकी नाजूक टोपली कोरली की तिच्या कामट्यासुद्धा मोजाव्यात. पंचफुला छापी आणि तारा खाली लिही: “आमच्या बाजारात या, येताना एक भाजी होऊन या.” मागच्या बाजूला ती ज्याचे त्याचे नाव घाली.

कार्डे वाळल्यावर मुलींनी ती कंचनबाईंपुढे मांडली. त्यांनी एकेक उचलून डोळ्यांजवळ नेले. छापखान्यापेक्षा चांगली झाली, असे त्या म्हणाल्या, आणि सहज विचारले की, ही टोपली कशाने छापली? तारेने खोटे सांगितले नाही. तिने मागच्या अंगणातून कोरलेल्या बटाट्याचे दोन्ही भाग आणले आणि आईच्या हातावर ठेवले.

कंचनबाई ओरडल्या नाहीत. त्या ओरडल्या असत्या तर बरे झाले असते.

“माह्या घरात बटाटा कोनं आनला?” त्यांनी हळू आवाजात विचारले. पंचफुला भिंतीला टेकली होती. “तू घरी जाय, पोरी,” त्या म्हणाल्या. “मी बलावल्याबिगर येऊ नको.”

पंचफुला गेली. कार्डांची चवड दोऱ्याने बांधून फळीवर चढली. जीव मारून कोणाला आनंदाचे आवतन देता येत नाही, असे तारेला सांगण्यात आले. आणि मला, मित्रांनो, अंगणाच्या भिंतीवर त्या बटाट्याच्या शेजारी ठेवण्यात आले. मी मनात फार तंडलो. कापणे हा माझा धर्म. काय कापायचे हे मी ठरवीत नाही, मग शिक्षा मला का? परंतु भिंतीवरून मला ओसरीत बसलेली तारा दिसत होती. तिला ना वाढदिवसाची चिंता होती, ना कार्डांची. पंचफुलेला पुन्हा केव्हा बोलावणार, एवढेच ती आईला पुनःपुन्हा विचारी. तिच्यापुढे माझे दुःख मला थोडे लहान वाटले.

सकाळी गिरजाबाई टोपली घेऊन आल्या, तेव्हा त्यांच्यामागे पंचफुला नव्हती. कंचनबाईंनी भाजी घेतली. मग भिंतीवरचा बटाटा दाखवून म्हणाल्या की, याचे काय करावे ते आपल्याला रात्रभर समजले नाही. फेकला तर सडेल, आणि सडला तर आणखी जीव जातील.

गिरजाबाईंनी तो उलटून पाहिला आणि त्यांना हसू आले. “अवं बाई, आमी त कापूनच लावतो. याचे डोळे शाबूत हायेत. राख चोपडून लावला का कोंब येते. मेला नाई थो अजून.”

“खरं सांगते?”

“मी कायले खोटं बोलू? बटाटा इकून मले तुमच्या घरी काई कमाई हाय का?” मग टोपली उचलता उचलता त्या म्हणाल्या, “पोट्टी मात्र जेवून नाई राह्यली. कालपर्यंत इचारे, माय, मी कोनती भाजी बनू? आता इचारतबी नाई.”

गिरजाबाई बाजाराकडे गेल्या. कंचनबाई ओट्यावरून आत आल्या. मग त्यांनी फळीवरची चवड काढली, दोरा सोडला आणि मागची नावे एकेक करून वाचली. शेवटचे कार्ड वाचून झाल्यावर त्यांनी तारेला हाक मारली.

“पंचफुलाचं कोनतं?”

तारेला प्रश्नच कळला नाही. “तिचं कायले, माय? थे त छापत होती.”

“लग्नात मांडव टाकनाऱ्यालेबी आवतन देते, तारा.” त्या खाली बसल्या. “मी तिले घरातून घालवलं, अन् तू आवतनातून. आपन दोघी सारख्याच.”

तारा रडू लागली. तिला जवळ न घेता कंचनबाईंनी तिच्यापुढे एक कोरा पुठ्ठा ठेवला. त्यावर काहीच छापायचे नव्हते, भेंडीही नाही. तारेने फक्त लिहिले, आणि मागच्या बाजूला पंचफुलेचे नाव घातले. दुपारी मायलेकी मळ्यात गेल्या. पिशवीत ते कार्ड होते, दोन्ही भाग जपून बांधलेला बटाटा होता आणि मीही होतो. पंचफुला मेथीच्या वाफ्यात बसली होती. तिने आधी हात परकराला पुसले, मग कार्ड घेतले, आणि कोणती भाजी बनायचे ते विचारले. कंचनबाई म्हणाल्या की, तुझ्या मनात येईल ती. मग त्यांनी बटाटा लावण्यासाठी गिरजाबाईंच्या हातात दिला, आणि त्यामागून मलाही.

“हा माह्या चुलीपाशी चालत नाई आता. वाईट नाई, पन चालत नाई. तू ठेव.”

त्यांनी माझ्यासाठी नियम मोडला नाही, याचा मला राग आला होता. आज येत नाही. ज्याला आपला नियम पाळता येतो आणि त्यापायी दुखावलेल्या माणसाच्या दारी पायी जाताही येते, त्याच्याशी वाद घालायला माझ्यापाशी मुद्दा उरलेला नाही.

बाकीची कार्डे त्याच संध्याकाळी वाटली गेली. रविवारी, ऊन चांगले वर असतानाच, ओसरी भाज्यांनी भरली. लाल फेट्यातला टमाटा आला, पानांची झालर लावलेली कोथिंबीर आली, एक लठ्ठ मुलगा भोपळा बनून आला आणि तू कोणती भाजी, असे त्याला कोणी विचारलेच नाही. गिरजाबाई मळ्यातून परस्पर आल्या होत्या. त्यांच्या कमरेला खोचलेला मी हे सारे पाहत होतो. पंचफुला सर्वांत शेवटी उंबऱ्याशी आली. तिने तरटाच्या पोत्याला हातांपुरती भोके पाडून ते अंगात घातले होते, तोंडाला माती फासली होती आणि गालांवर कोळशाने डोळे काढले होते. कंचनबाई दारात औक्षणाचे ताट घेऊन उभ्या होत्या.

“कोनती भाजी?”

“बटाटा,” पंचफुला खाली पाहत म्हणाली.

तारेने आईचा पदर धरला.

“बटाटा या घरात येत नाई, पोरी,” कंचनबाई म्हणाल्या. मग त्यांनी मातीने माखलेल्या त्या कपाळावर जागा शोधून कुंकू लावले. “पन आवतन मीच आनून दिलं. ये आत. या बटाट्याले कोनी कापू नका, म्हंजे झालं.”

त्यानंतर माझी सारी कामाची वर्षे मळ्यात आणि शेतात गेली. कांदे, मुळे, गाजरे, ऊस, सुतळी, जे पुढे आले ते मी कापले. पंचफुला रिठदला नांदायला गेली, तेव्हा भांड्यांबरोबर मलाही घेऊन गेली. आता तिच्या सुनेकडे चकचकीत नवे चाकू आहेत, आणि मी शेतातल्या खोपीत आढ्याला खोचून पडलो आहे. पावसाळ्यात अंगावर गंज चढतो. कोणी आठवणीने पुसले तर उतरतो.

म्हणून, मित्रांनो, हात जोडता येत नाहीत तरी मागणे मागतो. काम झाल्यावर चाकू धुऊन, कोरडा करून ठेवा. त्याला फार काही लागत नाही. आणि घरात कार्य निघाले, निमंत्रणांवर नावे घालून झाली, की चवड बांधण्यापूर्वी एकदा मागे वळून पाहा. रंगाने माखलेले हात घेऊन कोणी भिंतीशी उभे असेल. त्याचे नाव घालायचे राहिले आहे.