शेंदराचं अस्तर

हात समोर धरला की बद्रुद्दीनचा उजवा पंजा मनगटापासून खाली लोंबे, ओल्या फडक्यासारखा. बोटं मिटत, पण पंजा वर उचलला जात नसे. हुस्नबानो रोज सकाळी नवऱ्याला हात समोर धरायला लावी, आणि पंजा किती उतरला ते बोटांनी मोजी.

बद्रुद्दीन रंगारी होता. मलकापूर-बुलढाणा रस्त्यावर धावणारी हिंमतरावांची जुनी प्रवासी सर्विस मोटार दोन महिन्यांपासून मोताळ्याच्या शेडमध्ये उभी होती. लढाईमुळे नवी मोटार मिळत नव्हती, म्हणून जुनीलाच रंग द्यायचा होता. जुना रंग रॉकेलच्या बत्तीने भाजून खरवडायचा, उघड्या पत्र्यावर लाल अस्तर चढवायचं, वाळलं की काचकागदाने घासायचं, मग पुन्हा अस्तर आणि पुन्हा घासणी. असे चार हात झाल्याशिवाय वरचा हिरवा रंग धरत नाही, असं बद्रुद्दीन म्हणे.

आधी त्याचा गळा बसला. मग पोटात पीळ पडू लागला. वैद्याने जुलाबाचं चूर्ण दिलं, पण गुण आला नाही. हिरड्यांच्या कडेला शाईने ओढावी तशी निळसर रेघ उमटली. आणि आता हात.

मोहल्ल्यात सगळ्यांचं निदान एकच होतं. मोहरमची शोकगीतं, मर्सिया, म्हणताना बद्रुद्दीनचा आवाज चावडीपर्यंत जाई. गाणाऱ्याचा गळा बसवायचा तर त्याला शेंदूर चारतात, हे वऱ्हाडात शेंबडं पोरही जाणतं. चारणारा कोण, तेही लोकांनी ठरवून टाकलं होतं. मोटारीचा ड्रायव्हर वाहेद. बद्रुद्दीनच्या आधी मर्सिया तोच म्हणायचा, आणि शेडमध्ये दोघांचा चहा एकाच किटलीतला होता.

"त्याचा चहा बंद करा," हुस्नबानो म्हणाली. "पानबी नका खाऊ कोनाच्या हातचं."

त्याने बंद केलं. अकरा दिवस तो फक्त तिच्या हातचं जेवला आणि घरून नेलेलं पाणी प्यायला. अकरा दिवसांत पंजा आणखी दोन बोटं खाली आला.

बाराव्या दिवशी तिने ताट वाढलं, तर त्याने भाकरीला हात लावला नाही.

"तू खा पहिले," तो म्हणाला. बसक्या गळ्यातून शब्द नीट उमटतही नव्हते.

तिला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा ती ताटासमोर बसली. तिने त्याच्या भाकरीचा तुकडा मोडला, वरणात बुडवला आणि त्याच्यासमोर चावून गिळला. तो तिच्या गळ्याकडे बघत होता. वीस वर्षांच्या संसारात असं त्याने कधी बघितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती स्वतः डबा घेऊन शेडमध्ये गेली. घरात बसवेना. मोटारीचं नाक लालभडक झालं होतं, शेजारी अस्तराच्या भुकटीचं पोतं उघडं होतं आणि बद्रुद्दीन डाव्या हाताने काचकागद ओढत होता. लाल भुकटी त्याच्या मिशीवर, पापण्यांवर बसली होती. मोटारीखालून वाहेदचे पाय दिसत होते. चहाची किटली कोपऱ्यात पालथी होती.

तेवढ्यात गीताबाई रिकामा द्रोण घेऊन आल्या. मारुतीच्या पाराजवळ त्यांचं घर होतं.

"रंगारीबुवा, वंजळभर शेंदूर द्या. शनवारी मारुतीले चढवाचा हाय. वाण्याकडे चिमूटभर नाई उरला."

"शेंदूर कोठचा, बाई? हे अस्तर हाय."

"तुमचं अस्तर घाला चुलीत," गीताबाई हसल्या. "मुंबईचे अस्तराचे डबे येनं बंद झाले, म्हनून हिंमतरावाच्या मुनिमानं अख्खं पोतं उचललं वाण्याकडून. म्या डोयानं पायलं ना. मारुती उघडा बसला अन् तुमची मोटार नटून राह्यली."

वाहेद मोटारीखालून म्हणाला, "मंग नारळ फोडा मोटारीपुढे."

बद्रुद्दीनने ऐकलं न ऐकलं केलं. त्याने उजवा अंगठा डाव्या हातात धरून तोंडाशी नेला, जिभेवर ओला केला आणि घासलेल्या पत्र्यावरून फिरवला. ओल्या अंगठ्याला राहिलेला कण न् कण जाणवतो. त्याच्या उस्तादाने तसंच शिकवलं होतं. अंगठा लाल झाला. पुढची जागा बघायला त्याने तो पुन्हा जिभेवर नेला.

हुस्नबानोने डबा खाली ठेवला. अंगठा जिभेवर जात होता. एकदा, दोनदा, तीनदा. ती मोजत राहिली. दिवसाला किती वेळा? दोन महिन्यांत किती? तिने पुढे होऊन त्याचं मनगट धरलं.

"काऊन व?" तो म्हणाला.

"चव कशी लागते?"

"कायची?"

"अंगठ्याची."

तो थांबला. "गोडसर," म्हणाला. मग त्याने पोत्याकडे पाहिलं, गीताबाईंच्या हातातल्या द्रोणाकडे पाहिलं आणि शेवटी अंगठ्याकडे. वाहेद मोटारीखालून सरकत बाहेर आला होता.

"मंग मले कोनं चारला?" बद्रुद्दीनने विचारलं.

वाहेदने बादली भरून आणली. हुस्नबानोने नवऱ्याचे हात, तोंड, मिशी धुतली. गुळणीचं पाणी गुलाबी पडलं. तिने ओढणीचा काठ फाडून अंगठ्याला घट्ट गुंडाळला.

"आता पानी लावून घासा. भुकटी उडाले नाई पायजे."

"हात येईन का वापस?"

ती म्हणाली, "घासा."

वाहेदने पत्र्यावर पाणी शिंपडलं. बद्रुद्दीन घासू लागला, थांबला, आणि त्याचा डावा हात उजव्या मनगटाखाली गेला. गुंडाळलेला अंगठा वर चढला, ओठांपाशी आला. तिथे तो थबकला. हुस्नबानोने आणि वाहेदनेही ते पाहिलं. तो अंगठा आपण वर नेलेलाच नाही, अशा नजरेने बद्रुद्दीन त्याच्याकडे बघत होता.