बिनशिक्क्याचा अर्ज

विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थी कक्षात मी आठवड्याला वीस तास खिडकीवर बसायचे. मी स्वतःही परदेशी विद्यार्थिनीच, संशोधनाचं शेवटचं वर्ष. इथे राहायचा परवाना वाढवायचा तर अर्ज आमच्याकडे द्यायचा आणि आम्ही तो मुदतीत वरच्या खात्याला पाठवायचा. प्रत्येकाला मी दम भरायचे, "शिक्का मारलेली पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. माझ्यावरसुद्धा विश्वास ठेवू नका." पोरं मला माझ्या मागे पोचमावशी म्हणत.

लोका सांगे ब्रह्मज्ञान! या शहाणीने स्वतःचा अर्ज पोच न घेता दिला. कोणाला, तर ताईला. ताई कक्षातली अधिकारी, माझ्याच भाषेची, बारा वर्षं इथे रुळलेली. मी नवीन होते तेव्हा तिने घरचं ब्लँकेट आणून दिलं होतं. तापाने पडले तेव्हा आठवडाभर डबा. अशा माणसाकडे शिक्का मागायचा? "ठेव इथे, मी आहे ना," ती म्हणाली. ठेवला. कर्मचाऱ्याने स्वतःची फाइल उघडायची नाही असा नियम, म्हणून नंतर बघितलंही नाही.

सोमवारी मुदत संपली. बुधवारी खात्याचं पत्र आलं: अर्ज मिळालेला नाही, तीस दिवसांत देश सोडा. प्रबंधाची दोन प्रकरणं बाकी होती.

कक्षाच्या साहेबांनी आम्हा दोघींना आत बोलावलं.

"चूक कक्षाची असेल तर आज पाचच्या आत तसं लिहून देतो, परवाना वाचेल. विद्यार्थ्याची असेल तर माझे हात बांधलेले आहेत."

"मी ताईच्या हातात दिला होता," मी म्हणाले.

ताई टेबलावरच्या स्टेपलरकडे बघत होती. "माझ्याकडे आलाच नाही, साहेब." मग माझ्याकडे वळून, अगदी मऊ आवाजात, "पोच आहे का गं तुझ्याकडे?"

केसाने गळा कापणं म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं.

बाहेर झेरॉक्स मशीनपाशी मी तिला गाठलं. ती रडायलाच लागली.

"खणात राहिला गं. वर्षातली दुसरी चूक आहे माझी, नोकरी जाईल. मला दोन मुलं आहेत."

आणि मला, मूर्खाला, तिचीच दया आली. म्हटलं, "आत जा, खरं सांग. साहेब चांगले आहेत, सांभाळून घेतील. मीही शब्द टाकते तुझ्यासाठी."

"जाते," डोळे पुसत ती म्हणाली आणि खरंच आत गेली.

दहा मिनिटांनी बाहेर आली. माझ्याकडे न बघताच पर्स उचलून निघाली. वाटलं, लाजली बिचारी. घड्याळात साडेचार झाले होते. म्हणजे वेळ होता. मला हायसं वाटलं.

मग साहेब स्वतः माझ्या खिडकीशी आले.

"बाईंनी सगळं सांगितलं. अर्ज द्यायचाच राहून गेला, हे तू बाहेर त्यांच्याजवळ कबूल केलंस म्हणे. बरं केलंस. आता मला काही करता येणार नाही, पण जायच्या आधी नव्या मुलीला हे काम शिकवशील? त्यांनीच सुचवलं. म्हणाल्या, तुझ्याइतकं चोख इथे कोणी नाही."