राखाडी केक

"ओक्लीच्या शेडमधलं शेडमध्येच राहू दे, पोरी. ते घरात आलं की घर गप्प होतं."

मिस इओला असं म्हणाल्या तेव्हा कोराने मान डोलावली आणि ते बोलणं तिथेच झटकून टाकलं. बाई ऐंशीच्या पुढची, लग्न होऊनही गावाची 'मिस'च राहिलेली. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. नवऱ्याला, ओक्लीला, जाऊन तीन महिने झालेले आणि त्याचं सगळं सामान अंगणात मांडून गावाला विकायला काढलेलं. अशा दिवशी माणूस काहीबाही बोलणारच. शिवाय कोराचा जीव अर्धा कडेवरच्या लेकीत, टेसीत अडकलेला. पोर सव्वादोन वर्षांची, हाताला लागेल ते तोंडात घालणारी.

खाली उतारावर वेड, तिचा नवरा, ओक्लीचं शिसं ओतायचं सामान पिकअपमध्ये चढवत होता. विजेवर चालणारी छोटी भट्टी, लांब दांड्याची पळी, गोळ्यांचे चार साचे आणि जुन्या शिशाच्या जड बादल्या.

"शेवटी शेवटी त्याचा हात मनगटातून असा लोंबायचा," मिस इओलांनी स्वतःचा हात मोडक्या फांदीसारखा सोडून दाखवला. "कप उचलता यायचा नाही. आणि मला त्याच्या मेलेल्या बहिणीच्या नावाने हाका मारायचा. तुझ्या नवऱ्याला सांग."

"सांगते हं, मिस इओला," कोरा म्हणाली, आणि ओसरीवरच्या टेबलाकडे वळली. तिथे त्यांचा भाचा स्वयंपाकघरातली भांडी मांडत होता. अ‍ॅपल पाय भाजायच्या थाळ्या, बिडाचा तवा, आणि बारा-बारा वाट्यांचे दोन मफिनचे ट्रे. आजकाल मिळतात तसे पातळ नव्हेत, जुने, जाड, लख्ख घासलेले.

"दोन्ही घेऊन जा," भाचा म्हणाला. "घासून घासून माझी बोटं सोलली, निदान कोणाच्या उपयोगी तरी पडू देत."

तिने दोन्ही घेतले.

वेड तोवर दुकानातून तांब्याचं कवच असलेल्या तयार गोळ्या आणायचा आणि रिव्हॉल्व्हरची रिकामी पितळी काडतुसं घरी पुन्हा भरायचा. त्या वर्षी दुकानातली फळी महिनोन्‌महिने रिकामी दिसू लागली. नेमबाजीच्या क्लबातले निम्मे गडी घरीच शिशाच्या गोळ्या ओतायला लागले होते. वेडनेही मनावर घेतलं.

"तू भाज, मी ओततो," तो म्हणाला. "या घरात आता दोन भटारी."

"माझ्या मालाने कोणी मरत नाही."

"तुझ्या पहिल्या ब्रेडबद्दल तसं छातीठोक सांगता येणार नाही हं."

कोराने कॉलेजात जीवशास्त्र घेतलं होतं. शिसं काय करतं ते तिला पाठ होतं, म्हणून तिने नियम घालून दिले. गराजचं मोठं दार उघडं, पंखा बाहेरच्या बाजूला. बूट गराजच्या उंबऱ्याबाहेर, कपडे वेगळ्या बादलीत. कोपरापर्यंत हात धुतल्याशिवाय लेकीला शिवायचं नाही. वेड कुरकुरायचा, पण एकही नियम त्याने मोडला नाही. मोडला असता तर तिला कळलंच असतं. शनिवारी दुपारी तो ओतायला बसला की ती स्वयंपाकघराच्या खिडकीतून मांजरासारखी नजर लावून असायची. शिशातला मळ वर यावा म्हणून भट्टीत मेणाचा तुकडा टाकला की धुराची वेटोळी उठायची. मग साचा उघडायचा, आणि टप, टप, चांदीसारख्या गोळ्या जुन्या टॉवेलवर पडायच्या.

गराजच्या मागच्या फळीवर ओक्लीने आधीच वितळवून ठेवलेलं शिसं रचलेलं होतं. राखाडी, गोल, वर पसरट, खाली निमुळते गोळे. ओळीने मांडलेले. एके दिवशी टेसीने काचेला नाक लावून ते पाहिलं.

"बाबाचे केक," ती म्हणाली.

कोरा हसली. फ्रिजवर तिने टेसीच्या शब्दांची यादी लावली होती, तिच्यात तिने तेही लिहून टाकलं. त्या दिवशी यादीत एक्केचाळीस शब्द होते.

त्याच टेसीसाठी ती दर रविवारी मक्याच्या पिठाचे, ताकात भिजवलेले मफिन करायची. मिस इओलांकडच्या ट्रेमध्ये ते छान फुगायचे आणि तळाशी खमंग लाल व्हायचे. टेसी तळ आधी खायची. "गोड," म्हणायची. कोरा त्यात साखर घालत नसे. तिला वाटलं, मक्याची गोडी असेल.

नाताळानंतर टेसी जेवेनाशी झाली. पोट धरून बसायची. बीन्स नको, अंडं नको, सफरचंद नको, फक्त मफिन हवा. काहीतरी तर पोटात जातंय म्हणून कोरा रविवारऐवजी एक दिवसाआड मफिन करू लागली, मग रोज.

आणि घर गप्प होऊ लागलं.

आधी तिच्या ध्यानातच आलं नाही. मग एका सकाळी कुत्रा दारात येऊन भुंकला आणि टेसीने त्याच्याकडे नुसतं पाहिलं. "कोण आलं गं?" कोराने विचारलं. टेसीचे ओठ हलले, त्यातून काही आलं नाही. यादीवरच्या "भूभू"वर कोराने पेन्सिलीने हलकी रेघ मारली. पुढच्या आठवड्यात "चंद्र" गेला, मग "बूट", मग "आजी". शब्द कोणी वेचून नेत असावं तसे एकेक जात होते. टेसी पूर्वी धडधडत धावायची. आता गालिच्यावर बसून भिंतीकडे बघायची, आणि घरात फ्रिजची घरघर तेवढी ऐकू यायची. कोराला मिस इओलांचं वाक्य आठवलं.

"बंद कर ते ओतणं," ती वेडला म्हणाली.

"मी काय केलं? उंबऱ्याबाहेर बूट, कोपरापर्यंत साबण. डॉक्टरसुद्धा एवढे हात धूत नाहीत, कोरा."

"तरी बंद कर."

त्याने भट्टीवर ताडपत्री टाकली. वाद घातला नाही. त्यालाही भीती वाटत होती. ताडपत्रीखाली भट्टी दोन आठवडे थंड पडून राहिली, आणि त्या दोन आठवड्यांत आणखी सहा शब्द गेले.

मग त्यांनी टेसीला दवाखान्यात नेलं. रक्तातल्या शिशाचा आकडा आला तेव्हा डॉक्टरीणबाईंनी तो दोनदा वाचला. साडेतीनच्या वर काळजी करायची असते, टेसीचा एकतीस होता. औषध लगेच सुरू झालं, आणि तिसऱ्या दिवशी आरोग्य खात्याकडून मिसेस डनलॅप नावाच्या बाई घर तपासायला आल्या. त्यांच्या हातात पिवळं यंत्र होतं, हुबेहूब पिस्तुलासारखं. चाप दाबायचा, वस्तूला टेकवायचं, मग मागच्या पडद्यावर शिशाचं प्रमाण उमटायचं.

"माझ्याच घरात माझ्यावर पिस्तूल रोखलं जातंय," वेड म्हणाला.

गराजच्या बाकावर आकडा चढला, तो चढणारच होता. पण दाराजवळ उतरला आणि उंबऱ्यापाशी जवळजवळ काहीच उरला नाही. वेडचे बूट, गाडीतली टेसीची खुर्ची, खिडक्यांचा रंग, नळाची तोटी, खेळणी. काहीच नाही.

"तुमच्यासारखं नीट ठेवलेलं गराज मी क्वचितच पाहिलंय," मिसेस डनलॅप म्हणाल्या. त्यांचा आवाज दिलासा देणारा नव्हता, गोंधळलेला होता. "हे बाहेरून येत नाहीये."

टेसी खिडकीला टेकून उभी होती. बाहेर पाहिलं तर गराजचं दार उघडं, फळीवरचे राखाडी गोळे उन्हात आलेले. टेसीने बोट उचललं. त्या आठवड्यात तिच्याकडे फारसे शब्द उरलेच नव्हते.

"केक," ती म्हणाली.

मग वळली, आणि तेच बोट स्वयंपाकघराकडे केलं. शेगडीवर सकाळचा ट्रे होता, त्यात दोन मफिन उरलेले. "केक."

कोराने फळीकडे पाहिलं. ट्रेकडे पाहिलं. पुन्हा फळीकडे. मग ती चालत गराजमध्ये गेली, एक गोळा उचलून आणला आणि ट्रेच्या रिकाम्या वाटीत ठेवला. तो जागेवर असा बसला की कडेला सुरीचं पातंसुद्धा शिरलं नसतं.

मिसेस डनलॅपनी शेजारच्या वाटीला यंत्र टेकवलं. पडद्यावरचा आकडा चढत राहिला. त्यांनी तो मोठ्याने वाचला नाही.

सहा महिने कोरा खिडकीतून नवऱ्याच्या हातांवर पहारा देत होती. तिचे स्वतःचे हात त्या वेळी ट्रेला लोणी लावत होते. आणि ती गोडी मक्याची नव्हती, शिशाची होती.

दुपारी ती मिस इओलांकडे गेली. त्या ओसरीवरच होत्या. कोराने सगळं सांगितलं. म्हातारीने झुलती खुर्ची थांबवली.

"ते ट्रे माझेच," त्या म्हणाल्या. "लग्नातले. ओक्लीने शिसं ओतायला पळवले. सगळेच पळवतात, मफिनच्या वाटीतून शिसं नीट सुटतं. मी नवे घेतले आणि ते शेडचे झाले. भाच्याने शेडमधले काढून घासून ओसरीवर ठेवले असतील, मला दिसतंय कुठे. नाहीतर मी तुझ्या हातातून हिसकावून घेतले असते." त्यांनी धूसर डोळे कोराकडे वळवले. "दोन होते, पोरी. दुसरा कुठाय?"

दुसरा कोराच्या घरात नव्हता.

ऑक्टोबरात चर्चमधल्या बायकांनी एका नव्या बाळंतिणीला आळीपाळीने जेवण पोचवलं होतं. नाव मार्ली, नदीकाठच्या ट्रेलरमध्ये राहायची, नवरा गॅसच्या पाइपलाइनवर कामाला. कोराने मफिन नेले होते, ट्रेसकट. मार्ली दारात बाळाला थोपटत उभी होती. "ट्रे परत आणून देते हं," ती म्हणाली. कोरानेच उदार होऊन सांगितलं होतं, "राहू दे गं तुलाच. बाळ खायला लागलं की कामी येईल."

फेब्रुवारीत पाइपलाइनचं काम पुढे सरकलं आणि ट्रेलर रिकामा झाला. फोन लागत नाही. चर्चमध्ये कोणी म्हणतं ओहायो, कोणी म्हणतं केंटकी. मिसेस डनलॅपनी दोन्हीकडे कळवलंय, पण नुसत्या नावावर कोण सापडतं?

टेसीचा आकडा आता चौदावर आलाय. परवा कुत्रा भुंकला, आणि बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "भू." पुढचा अर्धा शब्द आला नाही. कोराने तो अर्धाच यादीवर लिहिला. मग त्याच पेन्सिलीने एक चिठ्ठी लिहिली, तिच्या नकला काढल्या, आणि वेडने त्या नेमबाजीच्या क्लबात, पेट्रोल पंपावर, दोन्ही राज्यांच्या रस्त्यांवरच्या ढाब्यांत नेऊन लावल्या. चिठ्ठी अशी:

"हे वाचणाऱ्याला विनंती. मार्ली नावाची मुलगी, वय बावीस-तेवीस, लाल केस, नवरा पाइपलाइनवर. मुलगा आता सात महिन्यांचा, म्हणजे नुकता खायला लागला असेल. तिच्याकडे बारा वाट्यांचा जुना, जड मफिनचा ट्रे आहे, कोपऱ्यातली एक वाटी चेपलेली. तो मी दिला. त्यात शिसं आहे. तुमच्या शेजारी अशी कोणी नवी राहायला आली असेल तर आजच तिचं दार वाजवा. आणि ती म्हणाली की बाळ फार गुणी आहे, अजिबात आवाज करत नाही, तर तेवढ्यावर परत फिरू नका. आत जाऊन त्याला बघून या."