इस्त्रीचं पाणी

आमच्या शिंपीमास्तरांचा, म्हणजे ह्यांचा, खोकला थांबला तेव्हा घरात सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. माझा टांगणीला लागला.

अर्धांगाचा झटका आल्यापासून ह्यांच्या घशाचं दार नीट लागत नाही. पातळ काही प्यायले की ते पोटाऐवजी छातीत उतरतं. एकदा न्यूमोनिया होऊन गेला. दवाखान्यातून सोडताना गिळायला शिकवणाऱ्या बाईंनी मला समोर बसवून दाखवलं. पाण्यात ते दाट करायची पावडर ढवळायची, जरा थांबायचं, चमच्यावरून मधासारखं सावकाश ओघळलं पाहिजे. चहा, औषध, सगळं तसंच. म्हणाल्या, "आजी, खोकला आला तर कळतं तरी. कधी कधी पाणी गुपचूप आत जातं, माणूस खाकरतही नाही. आवाज ओला येतो, ताप चढतो. पुन्हा न्यूमोनिया झाला तर ह्या वयात..." मला कळायचं ते कळलं.

म्हणून सूनबाई हसत म्हणाली, "आई, बाबा सुधारले हो," तेव्हा मी म्हटलं, "चोर पाय न वाजवता आला म्हणून काय पाहुणा होतो?"

दुपारी ह्यांच्या कपाळाला हात लावला तर कढत. जेवलात का विचारलं, तर "हो" असं आलं, जसं भरल्या घागरीतून कुणी बोलावं.

पाण्याचा थेंब मी उघडा ठेवला नव्हता. दातांची कवळी बुडवायची वाटी माझ्या कपाटात. हे तोंड धुवायला गेले की मी दाराशी उभी. मग पाणी येतंय कुठून? थोरल्याला धरलं.

"दुकानात मी समोर असतो, आई. घोटभर पीत नाहीत. शप्पथ."

"तुझ्या शपथा मी शाळेपासून ऐकतेय."

दुकान घराच्या पुढच्याच खोलीत. थोरला शिवतो. ह्यांचा हात कात्रीला थरथरतो, पण इस्त्रीला अजून पक्का. तेवढं एकच काम उरलंय, आणि त्याच्याच ओढीनं सकाळी उठून बसतात. मी बटणांचा डबा निवडायला घेऊन कोपऱ्यात बसले.

टेबलावर वकिलाची काळी पँट होती. ह्यांनी इस्त्रीशेजारचा वाडगा उचलला, घोट घेतला, गाल फुगवले आणि फुर्र करून कापडावर फवारा मारला. धुक्यासारखा बारीक. जन्मभर असाच मारत आलेत. मग ओठ मिटले, आणि गळ्याची घाटी हळूच वर जाऊन खाली आली. खोकला नाही, ठसका नाही. पुन्हा घोट, पुन्हा फवारा, पुन्हा घाटी हलली.

बटणांचा डबा मी बाजूला सारला.

"थोरल्या, हे काय?"

"काय? इस्त्री."

"तोंडात पाणी घेतात ते?"

"पितात कुठं? फुंकतात ना."

रोज आम्ही सगळेच बघत होतो. पण आमच्या घरात ते पाणी सुईदोऱ्यातलं. पिण्याच्या पाण्यात कुणी धरलंच नव्हतं.

"अहो, ठेवा तो वाडगा."

"मी... पीत नाही," ह्यांचा आवाज बुडबुडला.

"मग तोंडात उरलेलं कुठं जातं? खिशात?"

थोरल्यानं फवाऱ्याची बाटली पुढे केली. ह्यांनी तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. "झाडांना... घाल."

मी वाडगा आत नेला, पावडर ढवळली, दाट झाल्यावर आणून ठेवला. ह्यांनी घोट घेऊन फुंकलं आणि वकिलाच्या गुडघ्यावर पचकन गोळा पडला. थोरल्यानं हसू दाबलं. हे हसले नाहीत. गोळ्याकडे बघत राहिले, मग इस्त्री उभी ठेवून बटण बंद केलं.

"मग मी... करू काय?"

तापानं घाबरले नव्हते तेवढी मी ह्या प्रश्नानं घाबरले. हा माणूस इथून उठला की अंथरुणाला लागणार. छातीतल्या पाण्यानं गेला काय नि रिकाम्या हातांनी गेला काय, जायचा तो जायचाच.

त्याच संध्याकाळी दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी पाठीला नळी लावली. खाली घरघर आहे म्हणाले, वेळेवर आणलंत म्हणाले. औषधं दिली. ताप उतरला, भीती नाही उतरली.

परत इस्त्रीपाशी बसवलं त्या दिवशी वाडगा मी माझ्या मांडीवर घेतला. घोट भरला आणि फुंकला. अर्धा ह्यांच्या मनगटावर.

"नळ... फुटला," हे म्हणाले.

"जन्मभर तुम्हाला बोलायला हे तोंड पुरलं, पँटीला पुरेल."

"ओठ... आवळ."

आवळले. आता फवारा बरा पडतो. एक कापड झालं की मी म्हणते, "आ म्हणा." हे वैतागून आ म्हणतात. मी कान देऊन ऐकते, कोरडा की ओला. सुनेला बोलू देत नाही, थोरल्याला मशीन थांबवायला लावते.

आज सकाळी कोरडा होता. मघाशी शेवटाला जरासा भरून आल्यासारखा वाटला.

"पुन्हा म्हणा," मी म्हटलं.